भर दुपारी बोलणारा ट्रक

घरून निघताना बायको म्हणाली, "भूत उतरवायला निघालात, पिशवीत लिंबू-मिरची तरी टाका." मी करंट मोजायचा मल्टिमीटर टाकला. लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेल्या माणसाचा विश्वास शेवटी त्याच्यावरच.

छत्रपती संभाजीनगरहून देवगाव रंगारीची एसटी धरली. दौलताबादेत पेरू घेतले, ते शेजारच्या फेटेवाल्या आजोबांसोबत खात बसलो. खुलताबादचा घाट लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणाकडं म्हनायचं?"

भगवानचं नाव सांगितलं. भगवान माझा वर्कशॉपातला सोबती. निवृत्त झाल्यावर लिलावातला जुना लष्करी ट्रक घेऊन गावी आला आणि गेल्या उन्हाळ्यात झोपेतच गेला.

आजोबांनी हातातला पेरू खाली ठेवला. "भर दुपारी त्या गाडीपाशी जाऊ नका. बोलती ती."

भगवानची बायको शोभावहिनी, तिनंच मला बोलावलं होतं. धपाटे (मिश्र पिठाच्या, थापलेल्या तिखट भाकऱ्या) वाढता वाढता म्हणाली, "भावजी, त्यांचा जीव गुंतलाय गाडीत. मला लई भ्या वाटतं. पोरीकडं जावं तर सासूबाई हलत नाय, अन् त्यांना टाकून मला जाता येत नाय."

ऊन चढलं आणि परसातून घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. वहिनीचा हात थांबला.

ट्रक कडब्याच्या (ज्वारीच्या वाळल्या ताटांच्या) गंजीला लागून उभा होता. किल्ली घरात खुंटीला. बॉनेट उघडलं. इंजिन थंडगार, इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या डायनामोचा पट्टा काढून बाजूला टांगलेला, आणि डायनामो आपला आपण फिरतोय. अंगावर सर्रकन काटा आला. हात लावला तर तापल्या कपाळासारखा ऊन.

मग डोकं ठिकाणावर आलं. बॅटरीचा करंट डायनामोत उलटा जाऊ नये म्हणून मध्ये कटआऊट असतो. त्याचे पॉइंट चिकटले होते, त्यामुळे बॅटरीच डायनामोला फिरवत होती. पण मग ती बॅटरी इतके महिने जिवंत कशी? तिची वायर धरून चालत गेलो, तर छपरावरच्या सोलर प्लेटांपाशी पोचलो.

"म्याच लावली," मागून भगवानची म्हातारी आई म्हणाली. "जायच्या आदल्या दिशी म्हनला व्हता, माय, बॅटरी उतरू देऊ नको. एक वायर निसटल्याली दिसली, ती बी लावली. तवापासून बोलतोय."

बॅटरी आणि डायनामोमधली ती वायर निसटली नव्हती. दोष ओळखून भगवाननंच ती सोडवली होती. आता तिचं आवरण जळून काळं पडलं होतं, आणि कडबा हाताच्या अंतरावर. मी म्हटलं, "माय, एक दिवस घरादारासकट पेटेल."

ती डायनामोकडे बघत म्हणाली, "काढा. पर आज मावळतीपस्तोर राहू द्या."

तिघंही तिथंच बसलो. मी कडबा मागे ओढला. वहिनी पहिल्यांदाच गाडीजवळ बसली होती. जुन्या बॅटरीत साठवण उरली नव्हती, त्यामुळे ऊन उतरलं तसा आवाजही बसत गेला. अगदी थांबल्यावर मी वायर सोडवली. मायनं डायनामोवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

"गार पडला," ती म्हणाली. मग वहिनीला म्हणाली, "सुने, अंघोळीला पाणी ठेव."

परतीच्या एसटीत माझ्या बोटांना जळक्या वायरीचा वास येत होता. आयुष्यभर बंद पडलेलं चालू करत आलो, त्याचं कधी ओझं वाटलं नाही. आज चालतं बंद केलं, त्याचं वाटलं.

दारात बायको हसत उभी. "उतरलं का भूत?"

"पाणी तापव," मी उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं. "अंघोळ करून मग घरात येतो."