हलका हात

कोळशाच्या इस्त्रीतला निखारा पायावर पडला तेव्हा त्याला आधी वास आला. कापड करपलं म्हणून त्याने टेबलावरचा शर्ट उचलून पाहिला. शर्ट शाबूत होता. खाली पाहिलं, तर घोट्याजवळ त्याची स्वतःचीच कातडी जळत होती. साखरेच्या आजाराने पाय केव्हाच बधिर झाले होते.

लोक त्याला कडकशेठ म्हणत. दुसऱ्यांच्या कपड्यांना धार आणणारा हा इस्त्रीवाला स्वतः कायम चुरगळलेला.

"कडकशेठ, कधीतरी स्वतःवरही फिरवा की इस्त्री!" गिऱ्हाइकं चेष्टा करायची.

"फिरवली ना. पाय बघा," तो आता म्हणायचा.

घरात तो आणि थोरली विधवा बहीण. ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, तेव्हा जखमही तिने आपल्या ताब्यात घेतली. कोमट पाण्यात कापूस बुडवून कडेकडेने टिपायची, मध्येच फुंकर घालायची.

"अगं, दुखत नाही मला."

"तुला नाही दुखत. मला दुखतं."

महिने गेले. जखम भरेना. मग एका सकाळी ताई हरखली. जखमेवर पिवळसर, चकचकीत पातळ थर धरला होता. "नवी कातडी आली रे!" त्या दिवसापासून ती थराला कापूससुद्धा लागू देईना.

दवाखान्यातल्या नर्सने तो थर पाहिला आणि पात्याने खरवडून काढला. बुळबुळीत, शेवाळासारखा. खालून रक्त आलं. त्याला काहीच जाणवलं नाही, दारातली ताई मात्र कळवळली.

"अहो बाई, माणूस आहे तो, भांडं नाही!"

"मावशी, ही कातडी नाही," नर्सचा हात थांबला नाही. "हे जंतू आहेत. सुटे असते तर औषधाने मेले असते. आता एकमेकांना चिकटून बसलेत, वर स्वतःच तयार केलेलं हे चिकट पांघरूण. औषध आत नीट पोचत नाही, पोचलं तरी आतले झोपल्यासारखे पडून राहतात, मरत नाहीत. शरीर त्यांच्याशी झुंजत राहतं, आणि त्या झुंजीत जखमच खराब होते. खरवडलं तरी दोन दिवसांत परत जमतात. म्हणून सारखं यायचं, आणि घरी जोर लावून पुसायचं."

घरी पोचल्यावर ताईने त्याचा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाली, "त्या बाईच्या हाताला माया नाही. भरत आलेलं उकरलं तिने."

पुढच्या वेळी नेमका हॉटेलच्या चादरींचा ढीग आला. "दुकान कसं बंद ठेवणार?" ताईने विचारलं. त्याने मान डोलावली. नर्सचं त्याला पटलं होतं, पण ताईच्या हातातून कापूस काढून घेणं जमेना. आणि खरं सांगायचं तर टेबल सोडणंही नको होतं. थर परत धरला, ताई परत हरखली. दवाखाना सुटला तो सुटलाच. जिथे कुणी दार वाजवत नाही अशा घरात राहावं तसे ते जंतू त्या थराखाली निवांत राहत होते.

मग वास सुटला. गिऱ्हाइकं घडी केलेले कपडे हुंगून पाहू लागली. मग हुडहुडी भरून ताप.

एक्स-रे पाहून डॉक्टर त्याच्या खाटेशी आले. "हाडात गेलंय. गुडघ्याखालून काढावा लागेल. वेळच्या वेळी येत राहिला असतात, तर बहुतेक वाचला असता पाय."

ताई तेव्हा पाणी आणायला गेली होती. ती आली, त्याने पाय काढणार असल्याचं सांगितलं. बाटली मांडीवर धरून ती स्टुलावर बसून राहिली.

"त्या बाईने सांगितलं तसं केलं असतं तर?"

"काही उपयोग नव्हता, ताई. भाजलं तेव्हाच हाडाला लागलं होतं. डॉक्टरच म्हणाले."

"खरंच म्हणाले?"

"मग मी काय मनाचं सांगतोय?"

नर्स सलाइन बदलायला आली होती. डॉक्टर बोलले तेव्हाही ती तिथेच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि नजर काढली नाही.

"हो ना हो, सिस्टर?"

नर्सने नळीतला थेंब पडताना पाहिला, मग दुसरा.

"हो मावशी," ती म्हणाली, आणि ताई आणखी काही विचारायच्या आत पलीकडच्या खाटेकडे गेली.