भाऊजींनी शोधलेलं पाप

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, माणूस इतका सरळ की त्यांच्याशी भांडायला गेलं तर आपणच दमून परत यावं. मी पुष्कळदा प्रयत्न केलाय. मेहुणीचा तो हक्कच असतो. पण मी तोंडाचा पट्टा सुरू केला की हे हाताचं पीठ झटकत म्हणायचे, "बरं बाई, चुकलंच माझं," आणि वर एक गरम पाव हातात ठेवायचे. आता अशा माणसाचं करायचं काय?

त्यांची बेकरी होती. पुढे दुकान, मागे भट्टी आणि भट्टीला लागून पिठाच्या पोत्यांची खोली. आज आमची बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे आमचं चर्च, चांगल्या दोन मजली इमारतीत भरते आणि रविवारी उशिरा येणाऱ्याला जिन्यावर बसावं लागतं. ती या पोत्यांच्या खोलीत जन्मली असं सांगितलं तर नव्या पोरांना थाप वाटते.

तेव्हा मंडळी म्हणजे ताई, मी, एक नर्स, एक रिटायर झालेला पोस्टमन आणि शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक हडकुळा माणूस. हा हडकुळाच आमचा पाळक, म्हणजे पास्टर. आम्ही नर्सच्या घरी जमायचो, पण तिच्या घरमालकानं गाण्याच्या आवाजावरून आम्हाला बाहेर काढलं. खरं सांगायचं तर पोस्टमनचा आवाज मी मालक असते तरी सहन केला नसता. ताई रडकुंडीला येऊन घरी गेली, तर भाऊजी म्हणाले, "आमच्या खोलीत बसा की. पोती काही तक्रार करत नाहीत." तेव्हा त्यांचा देवाशी संबंध एवढाच, की भट्टी नीट पेटली की "देवा रे" म्हणायचे.

आम्ही पोत्यांवर बसून उपासना करायला लागलो. संपल्यावर बाहेर पडलो की सगळ्यांचे कपडे मागून पांढरेफटक. गल्लीत आम्हाला पाठमोरं कुणीही ओळखायचं.

मग पोस्टमनचा बाप्तिस्मा आला. आमच्यात तान्ह्या बाळावर पाणी शिंपडून काम भागत नाही. कळत्या माणसानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा आणि मग पाण्याखाली जायचं, तेही अख्खं. अख्खा पोस्टमन मावेल असं भांडं कुठून आणायचं? भाऊजींनी कणीक मळायची लांब लाकडी पेटी घासून पाण्यानं भरून दिली. पण पोस्टमन ताडमाड. डोकं खाली दाबलं की गुडघे वर, गुडघे दाबले की डोकं वर. पाळक बिचारे घामाघूम. शेवटी भाऊजी दारातून म्हणाले, "कुशीवर वळवा हो, वाकडा पाव तसाच बसतो." वळवलं, आणि बसला की! पेटीच्या फटींतलं जुनं पीठ भिजून सुटलं होतं, त्यामुळे पोस्टमन नवा जन्म आणि भुवयांना खळ, दोन्ही घेऊन बाहेर आला.

बाप्तिस्म्याआधी मात्र साक्ष द्यावी लागते. सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, मी कसा होतो आणि प्रभूकडे कसा आलो. मग सभासद हात वर करून ठरवतात, घ्यायचं की नाही. पोस्टमनची साक्ष साधी होती, कुणाची तरी बढती त्याला खुपत होती. पण त्याच्यानंतर आला लॉरीवाला. त्यानं किती प्यायली, कुठे कुठे पडला, बायकोनं कसं झोडपलं, सगळं रंगवून सांगितलं. त्याच्यामागून कुलूपवाला. हा दिवसा लोकांची कुलपं दुरुस्त करायचा आणि नंतर सवडीनं उघडायचा. त्याची साक्ष ऐकायला अर्धी गल्ली दारात उभी होती आणि मधूनच कुणीतरी ओरडायचं, "अरे, ते घड्याळ माझं!" ज्याचं त्याला त्यानं परत दिलं, हेही खरं. पण त्या दिवसापासून आमची मंडळी जी वाढली, ती वाढलीच. निम्मे लोक देवासाठी यायचे, निम्मे पुढची साक्ष ऐकायला. देवानं दोघांनाही ठेवून घेतलं. शेजारची खोली घेतली, मधली भिंत पाडली, मग इमारत झाली आणि व्यासपीठाखाली बाप्तिस्म्याचा पक्का हौद आला.

या सगळ्यात भाऊजी शेवटच्या रांगेत ताईच्या शेजारी. गाणी सगळी पाठ. कणीक मळताना प्रार्थना करायचे, ती मी माझ्या कानांनी ऐकलीय. विश्वास होता, बाप्तिस्मा नव्हता. का, तर साक्षीची भीती! मला म्हणाले, "अगं, मी सांगू काय? मी प्यायलो नाही, चोरी केली नाही. उभा राहून सांगू, की मी पाव करतो? लोक हसतील."

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा एकेक तुकडा खायचा. त्याची भाकर भाऊजींच्याच भट्टीतली, वेगळं पीठ काढून त्यांनी स्वतः केलेली. पण बाप्तिस्मा नसलेल्यानं ती खायची नाही, हा नियम. ताट रांगेतून यायचं, भाऊजी ते दोन्ही हातांनी घ्यायचे आणि न बघता ताईकडे द्यायचे. वर्षानुवर्षं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ताईनं तर पाळकांना विचारूनही पाहिलं, "यांची साक्ष मी देऊ का?" पाळक म्हणाले, "ताई, इथं कुणाच्या वतीनं कुणी विश्वास ठेवत नाही."

झालं! पुढच्या पहिल्या रविवारी भाऊजींनी ताट दिलं आणि ताईनंही भाकर न घेता पुढे सरकवलं. मी तर उडालेच. बाहेर आल्यावर ताई भाऊजींना म्हणाली, "तुमच्यापाशी ताट थांबेल, तेव्हाच मी घेईन. तोवर नाही."

आता आमच्याकडे मनात कुणाविषयी राग असेल तर भाकर घ्यायची नाही अशी रीत, त्यामुळे कुणी ती घेतली नाही, की लोक एकच धरून चालतात: हिच्या मनात कुणाविषयी तरी काहीतरी आहे. मंडळीची थोरली बाई, तिच्या मनात कुणाविषयी? ज्याला त्याला वाटलं, माझ्याचविषयी! सोमवारपासून ताईच्या दारात रांग. नर्सनं येऊन कबूल केलं, की तुझ्या आवाजाला मी मागून हसते. लॉरीवाल्याच्या बायकोनं ताईची छत्री परत केली, जी हरवली म्हणून ताईनं केव्हाच नवी घेतली होती. खुद्द पाळक येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही उपदेशाबद्दल काही सुचवता ना, तेव्हा मी फक्त मान हलवतो. ऐकत नाही." ताईला यातलं काडीचंही माहीत नव्हतं. आता कळल्यावर मात्र ती खरोखरच भडकली. मी हसून हसून बेजार.

भाऊजींना मात्र हसू येईना. आपल्यापायी ही उपाशी राहते, हे त्यांच्या जिवाला लागलं. पावांना रंग येईना. एका सकाळी पाळकांकडे जाऊन म्हणाले, "येत्या रविवारी मी साक्ष देतो."

रविवारी उठले, पुढे गेले, घसा खाकरला. चेहरा पिठाहून पांढरा. म्हणाले, "मी फार मोठा पापी आहे. मी... मी पिठात खडूची भुकटी मिसळायचो."

कुलूपवाला ताडकन उभा राहिला. "साफ खोटं! मी तुमच्या दुकानात शिरलोय. आत कुठे काय ठेवलेलं असतं, मला विचारा!"

"पाव ओला राहिला तर तुम्ही गिऱ्हाइकाला घरी जाऊन बदलून देता," नर्स ओरडली. "खडू म्हणे!"

भाऊजी हट्टाला पेटले. "मिसळायचो! भरपूर मिसळायचो!"

पाळकांनी हात वर करायला सांगितलं. एकही हात वर नाही. माझाही नाही. मी काय खोट्याला हात वर करू? ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. संपलं, हा माणूस आता पुन्हा कधी उभा राहत नाही.

पाळक हळूच म्हणाले, "भाऊ, देवासमोर, आम्हा सगळ्यांसमोर खोटं का बोललात?"

तिथं भाऊजींचा बांध फुटला. लहान मुलासारखे रडायला लागले. "कारण माझ्याकडे दुसरं काहीच नाही हो! तुम्ही पहिल्यांदा पोत्यांच्या खोलीत गायलात ना, तेव्हा मी दाराआड उभा होतो. भट्टीत पाव करपत होते, वास येत होता, आणि मला हलवेना. तेव्हापासून मी त्याचाच आहे. एवढंच. याची काय साक्ष होते? आणि मला ती भाकर पाहिजे. माझ्या हातची आहे म्हणून नाही. त्याची आहे म्हणून पाहिजे."

कुणी हसलं नाही. कुलूपवाल्याचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग किती गेले ते मला दिसलं नाही, माझे डोळे भरले होते.

हौदात भाऊजी एका दमात बुडाले, गुडघ्यांसकट. पुढच्या पहिल्या रविवारी ताट त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते नेहमीसारखं ताईपुढे धरलं.

"आधी तू," ते म्हणाले. "माझ्यापायी राहिलीस."

"काही नको, आधी तुम्ही घ्या," ताई म्हणाली.

"अगं, घे ना."

"अहो, तुम्ही घ्या म्हणते ना!"

गाणं थांबलं, मागची रांग वाकून बघायला लागली, ताट मध्येच हवेत. शेवटी पाळक पुढून म्हणाले, "दोघंही एकदम घ्या, आम्ही थांबतो."

दोघांनी एकदम हात पुढे केला.