फुगडीतली सून

आमच्याकडे चतुर्थीच्या दिवसांत फुगडी घालताना कुणी कुणाचं गाणं मनावर घ्यायचं नाही, असा दंडक. एरवी तोंड न उघडणारी सून सासूसमोर तिची उणीदुणी गाते आणि सासू टाळ्या वाजवते. मला हे फार आवडायचं. माझ्या तोंडाला मुळात कुलूपच नव्हतं.

कसालजवळच्या माझ्या माहेरी आम्ही मुली एक गाणं हमखास म्हणायचो. सासरी-माहेरी ये-जा करणाऱ्या बायकांबरोबर गाणीही गावोगाव फिरतात, तसंच तेही कुठून तरी आलेलं.

पाण्याक गेली सून गो, आंगात तिच्या ताप गो
कळशी इली वर गो, सून खंय ऱ्हवली गो
सासू बसली रडाक गो, कळशेक इलो पोचो गो

आम्ही त्याचा अर्थ असा लावला होता: सून कामचुकार, तापाचं सोंग करणारी. विहिरीवर कळशी टाकून ती माहेरी पळाली आणि सासूबाई कळशीच्या पोच्यासाठी गळा काढून बसल्या. सासू मी व्हायचे. डोळ्यांना पदर लावून अशी रडायचे की बायका हसून बेजार व्हायच्या. कळशी वर आली म्हणजे आधी ती बुडाली असणार, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सासर वालावलीच्या बाजूला, खाडीकाठच्या एका वाडीत. नवरा बिजवर. पहिली बायको तापानं गेली, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. चौकशीला गेलेले माझे काका घावणे आणि चहा घेऊन खूश होऊन परतले होते. पुरुषांच्या चौकशा अशाच असतात.

त्या वर्षी माझा पहिला ववसा, म्हणजे नव्या सुनेनं गौरीपुढे सुपं पुजायची. तो झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीतल्या बायका आमच्या अंगणात फुगडीला जमल्या. नव्या सुनेनं माहेरचं गाणं म्हणायचं असतं. मी शेजारच्या घरातल्या थोरल्या सुनेचे हात धरले आणि जोरात सुरू केलं.

पहिली ओळ कुणी उचलली नाही. मला वाटलं, यांना येत नसेल. दुसरीही उचलली नाही. मी आपली फिरतच होते. तिसऱ्या ओळीला सवयीनं रडक्या आवाजात 'पोचो' म्हटलं आणि माझे पायच थांबले. आमच्या घरच्या तांब्याच्या कळशीला पोचा होता. लग्नापासून रोज मी तीच काखेला घेऊन विहिरीवर जात होते.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि आत गेल्या. 

शेजारणीनं माझे हात सोडले नव्हते. ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यां गाणां आमच्याच वाडीतलां. ह्या अंगणात कोणी कधी म्हणूक नाय." मग माझ्याकडे बघत तिनं शेवटची ओळ म्हटली. ती आमच्या गावापर्यंत पोचलीच नव्हती.

नवी येतली सून गो, तिका कोण सांगात गो

यांची पहिली बायको विहिरीत पडली की तिनं उडी घेतली, हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगात ताप असताना तिला पाण्याला धाडलं, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं. मी तिच्याच मरणावर इतकी वर्षं लोकांना हसवत आले, हे कळून मी शेजारणीचे हात सोडवून घेतले. आणि दुसरी भीती त्याहून मोठी होती. आता त्या घरात सून मी होते.

 मी यांना तिच्याबद्दल विचारलं तेव्हा हे मान खाली घालून माडांना खत घालायला निघून गेले.

पुढे दिवाळीच्या सुमाराला मला हिवताप भरला. सकाळी डोळे उघडले तर सासूबाई कळशी घेऊन उशाशी उभ्या. घरात पाणी नव्हतं. मी भिंतीला धरून उठायला लागले. काय करणार होते, माझं मलाच माहीत नव्हतं.

त्या खाली वाकल्या आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. 

"उठा नको गो," त्या म्हणाल्या. "तिचां आंग पण असांच तापलेलां."

कळशी घेऊन त्या एकट्याच विहिरीकडे गेल्या. मी भिंतीला टेकून बसून राहिले. म्हणजे त्या दिवशीही त्यांनी हात लावून पाहिला होता.