दुसऱ्या घंटेनंतर

फोन आला तेव्हा मी कचऱ्याचा बिन ओढत रस्त्याच्या कडेला नेत होते. पामर्स्टन नॉर्थहून जुडिथ बोलत होती, आमच्या शेजारच्या नॉर्मनची मुलगी. शेवटचे काही महिने तो तिच्याकडेच राहायला गेला होता. "मेधा, डॅड गेले. सकाळी, झोपेतच." मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. नजर गेली ती शेजारच्या रिकाम्या ड्राइव्हवेवर. तिथं कुणी येरझाऱ्या घालत नव्हतं... आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मलाच एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते आणि मध्येच उठते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये समोरचा काय बोलतोय ते कळत नाही.

वयानं तो माझ्या वडिलांएवढा होता, पण मनातल्या मनात मी त्याला कायम एकेरीच हाक मारली. आम्ही हॅमिल्टनला, रोटोटुनाच्या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात माझ्या फोडणीनं स्मोक अलार्म बोंबलायला लागला. दारात एक उंच म्हातारा हातात स्टूल घेऊन उभा. "किया ओरा," त्यानं इथला नमस्कार केला. "मी नॉर्मन. कोण जळतंय?" ओळख झाली ती अशी. हा गृहस्थ इंग्लंडच्या टीव्हीवरचा नट आहे हे पुढं सुपरमार्केटमध्ये कळलं. एका आजीबाईंनी त्याची ट्रॉली अडवली आणि म्हणाल्या, "तुम्ही मेला होतात ना?" नॉर्मन खुशीत म्हणाला, "पुष्कळदा!" ब्लॅक अँड व्हाइटच्या काळापासून तो टीव्हीवर होता. कधी पाद्री, कधी बँक मॅनेजर, बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत खून होणारा माणूस. मग एका मालिकेत वर्षानुवर्षं पोलीस ठाण्याच्या टेबलामागचा सार्जंट. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही. बायको इथली, म्हणून निवृत्तीनंतर तो हॅमिल्टनला आला. ती गेली, हा राहिला.

बसणं त्याला जमायचंच नाही. चहाचा कप घेऊनसुद्धा फिरायचा. म्हणायचा, नटाचं निम्मं आयुष्य सेटवर वाट बघण्यात जातं, आणि बसून वाट बघितली की माणूस थंड पडतो. शॉट उत्तम झाला तरी दिग्दर्शक म्हणणारच, "वन मोअर, फॉर सेफ्टी." सेफ्टीसाठी अजून एक! ही सोय त्याला फार प्यारी होती. त्याचं कारण त्यानं एकदाच सांगितलं. ऐन तरुणपणी नाटकात काम करताना तो वाक्य विसरला, प्रेक्षक हसले, आणि हा मागच्या दारानं जो पळाला तो पुन्हा रंगमंचावर चढलाच नाही. "टीव्हीवर चुकलं तर पुन्हा करतात, मेधा. नाटकात मात्र समोर माणसं बघत असतात."

माझ्या नवऱ्यानं, समीरनं, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी त्या स्मोक अलार्मवरच एकांकिका लिहिली. गोरा शेजारी हवा होता. मी गमतीत नॉर्मनला विचारलं, तर त्याच्या येरझाऱ्या थांबल्या. "किती वाक्यं?" "चार. त्यातलं एक मराठीत." दोन दिवस तो दिसलाच नाही. मग स्वतःहून आला. "मला एकदा माणसांसमोर उभं राहायचंय. पळून न जाता." तोपर्यंत त्याचा विसराळूपणा वाढला होता, किल्ल्या फ्रिजमध्ये सापडायला लागल्या होत्या. जुडिथनं फोन करून मला चांगलंच झापलं. "पुन्हा तसंच झालं तर ते त्यातून सावरणार नाहीत." मला राग आला. मी म्हटलं, प्रॉम्प्टर मीच आहे, विंगेत त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी असेन. कार्यक्रमाच्या दिवशी ती एवढ्या लांबून गाडी चालवत आली आणि पहिल्या रांगेत बसली. चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा.

शाळेचा हॉल गच्च भरलेला. नटराजापुढे नारळ फुटला. तालमीत आम्ही घंटा कधी दिलीच नव्हती. त्या दिवशी मी तुळशीबागेतून आणलेली पितळी घंटा घेऊन विंगेत उभी राहिले आणि पहिली दिली. नॉर्मन जागच्या जागी थिजला. मला वाटलं, घाबरला. थोड्या वेळानं दुसरी दिली. त्याचे खांदे सैल पडले, चेहरा उजळला, त्यानं समीरचा हात हातात घेऊन हलवला, "थँक यू, एव्हरीबडी" म्हणाला, खुंटीवरचा कोट घेतला आणि मागच्या दारानं चालता झाला.

जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून, साडीच्या निऱ्या मुठीत धरून मी पार्किंगकडे धावले. तो आमच्या गाडीपाशी फेऱ्या मारत होता, मजेत. "कसा झाला?" त्यानं विचारलं. "काय कसा झाला?" "शॉट! दोन घंटा झाल्या की." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंच कधीतरी सांगितलं होतं, सेटवर एक घंटा म्हणजे कॅमेरा चालू, चूप उभं राहायचं. दोन म्हणजे कट, संपलं. आमच्याकडे तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो हे या माणसाला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! आता खरं सांगावं तर तो इथंच कोसळेल, आणि आत जुडिथ बसलेली... मी श्वास घेतला आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास झाला, नॉर्मन. वन मोअर. फॉर सेफ्टी."

"नेहमीचंच," तो कुरकुरला आणि माझ्यामागून आत आला.

तिसरी घंटा दिली. तो रंगमंचावर गेला तो भीती बाहेर ठेवूनच, कारण त्याच्या लेखी एक चांगला शॉट खिशात होता. दोन वाक्यं बरोबर आली. तिसऱ्याला तो थांबला. मी वाक्य पुटपुटले, त्याला ऐकू गेलं नाही. जुडिथ खुर्चीतून अर्धी उठली. नॉर्मननं समोरच्या माणसांकडे पाहिलं, सावकाश, एकेकाकडे पाहावं तसं, आणि शेवटी यायचं ते मराठी वाक्य तेव्हाच टाकलं. "बसा. चहा घेता?" हॉल फुटला हसून. तो पळाला नाही. हसू ओसरेपर्यंत तिथंच उभा राहिला, येरझारीचं एक पाऊलसुद्धा न टाकता.

घरी जाताना गाडीत मी त्याला घंटांची गोष्ट सांगितली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. जुडिथ परवा सांगत होती, शेवटी शेवटी त्याला तिचं नावही आठवत नव्हतं, पण घरी येणाऱ्या नर्सला रोज सांगायचा, "मी पळालो नाही." ते ऐकून मी फोनवरच रडले.

काल यंदाच्या एकांकिकेची तालीम होती. आता आम्ही तालमीतही घंटा देतो. पहिली दिली, दुसरी दिली, आणि नजर आपोआप मागच्या दाराकडे गेली. दार लोटलेलं होतं. पडद्याआडून समीर ओरडला, "मेधा, तिसरी दे ना!"

"थांब जरा," मी म्हटलं. "कुणी बाहेर गेलं असेल, तर येऊ दे आत."