बाजेखालची मेमरी

मला घरातली एकच दुरुस्ती येते: रिमोटचे सेल काढून, पँटला पुसून, पुन्हा बसवणे. एवढ्या भांडवलावर मी आमच्या मुलीच्या नोकरीत हात घातला.

प्राजूचा, म्हणजे आमच्या मुलीचा, पहिलावहिला इंटरव्ह्यू होता. दुपारी, लॅपटॉपवरून, शिक्रापूरच्या एका कंपनीत हिशेबाच्या जागेसाठी. लॅपटॉप तिच्या चुलतभावाने वापरून टाकलेला. चालू करून आपण आमच्या तळेगावहून शिरूरला जाऊन यावं, तोवर तो कुठे 'वेलकम' म्हणायचा! शिरूरचा दुकानदार म्हणाला, "मेमरी वाढवा, पळंल. बसवून देऊ का?" मी म्हणालो, "छे छे, बसवतो मी!" (हे का म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही.) खरं सांगायचं तर आठवीनंतर पोरीच्या अभ्यासातलं मला काही कळलं नाही. फी भरायची आणि एसटीपर्यंत सोडायचं, एवढाच माझा वाटा. एकदा तरी तिच्या कामाला आपला हात लागावा, असं फार वाटत होतं.

इंटरव्ह्यूच्या सकाळी मी लॅपटॉप परातीत पालथा घातला. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस हिंदीत बजावत होता, की अंगातली वीज लागली तर मेमरी जळते, आधी अर्थिंग घ्या. 'अर्थिंग' हा शब्द कानावर पडताच ओसरीवरचे आमचे वडील, आबा, ताडकन उठले. आबांचा जन्म विहिरीवरच्या मोटारी सांभाळण्यात गेलेला.

"दिल्या, थांब! बिनअर्थिंगचा हात लावू नगंस!"

"आबा, नुसतं लोखंडाला हात लावला तरी चालतंय."

"तुला काय कळतंय? मागल्या साली मोटार कशानं जळली?"

आबांनी मीटरजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकलं, बादलीभर पाणी ओतलं, तिथून तांब्याची तार ओढत आणली आणि तिचं टोक माझ्या पायाला बांधलं. गाठ अशी, की बैलानंही नाद सोडावा!

जुनी मेमरी निघाली. नवी बसवली. झाकण लावायच्या आधी लॅपटॉप कुशीवर धरून चालू केला. दिवा लागला, पडदा काळा. पुन्हा केला. काळाच!

यात दुपार झाली आणि प्राजू नवा ड्रेस घालून आली. "झालं का, पप्पा?"

"होतंय, होतंय."

ती ओठ दाबून घड्याळाकडे बघत राहिली. पोरगी कितीतरी दिवस आरशासमोर उत्तरं म्हणत होती, आणि ऐन वेळी बापाने तिचं यंत्रच मारलं होतं. घाबरून मी अंगठ्याने मेमरी जोरात दाबली. टक् असा आवाज झाला. (बोट मोडलं असेल, म्हणून सोडून दिलं.) प्राजूने बटण दाबलं आणि पडदा उजळला!

"अवो, अंगठा काढू नगा!" आमची मंडळी स्वयंपाकघरातून ओरडली. "हाय तसाच धरून ठिवा!"

पण लॅपटॉप कुशीवर ठेवून इंटरव्ह्यू कसा द्यायचा? तोडगा आबांनी काढला. त्यांच्या नवारीच्या बाजेवर लॅपटॉप ठेवला. पट्ट्यांच्या फटीतून माझा हात वर, अंगठा मेमरीवर आणि उरलेला मी बाजेखाली. पायाला तार होतीच. समोर स्टुलावर प्राजू.

नेमक्या शेजारच्या शांतावहिनी विरजण मागायला आल्या. दारातूनच कुजबुजल्या, "भावजी बाजंखाली काय करत्यात?"

"प्राजूचा इंटरव्ह्यू हाय," मंडळी म्हणाली.

"मग ह्यांला कशापायी बांधलंय?"

"त्यांनी मेमरी धरलीया!"

वहिनींनी माझ्याकडे कळवळून पाहिलं आणि विरजण न घेताच निघून गेल्या.

वर साहेबांनी विचारलं, "प्रेशरमध्ये काम करता येईल?"

"हो सर," प्राजू म्हणाली. "घरी सवय आहे."

मी लगेच अंगठ्याचं प्रेशर वाढवलं. काय सुरेख बोलत होती पोरगी! जीएसटी काय, बॅलन्स शीट काय! मला एक अक्षर कळत नव्हतं आणि ऊर भरून येत होता. बाजेखाली छान गारवा होता. अर्थिंग वाळू नये म्हणून बाहेर आबा खड्ड्यात तांब्या तांब्या पाणी ओतत होते, त्याचा चुळुकचुळुक आवाज येत होता...

कुणीतरी खांदा हलवला. बघतो तर प्राजू!

"झाला इंटरव्ह्यू?"

"कवाच! सोमवारपासून या म्हणाले!"

आनंदाने उठायला गेलो तर डोकं बाजेवर आपटलं. मग अंगठ्याची आठवण झाली. अंगठा माझ्या पोटावर होता आणि वर लॅपटॉप मजेत चालू होता! म्हणजे मघाचा 'टक्' मेमरी खाचेत बसल्याचा होता.

"तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाला झोपलात, पप्पा."

"आन् घोरत व्हता!" मंडळीने तोंडाला पदर लावला. "साहेबांनी इचारलं, ही घरघर कसली?"

मी प्राजूकडे वळलो. "मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, सर, जुना पंखा आहे," प्राजू म्हणाली. "तर ते म्हणाले, मग बदलून टाका ना. मी म्हटलं, नाही सर. आवाज करतो, पण आमचा आहे. बदलायचा नाही."

मी तसाच बाजेखाली तोंड फिरवून पडलो. नवारीची धूळ डोळ्यांत गेली होती. (बरीच गेली होती.) एवढ्या मायेनं मला आजवर कुणी पंखा म्हटलं नव्हतं!