कर्ज मिळालेले आणि न मिळालेले

लॉकडाऊन उठल्यानंतरच्या वर्षी मी एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय घेतला: भिवंडीच्या यंत्रमागांना संकटाचा धक्का किती बसला आणि सरकारी हमीच्या कर्जाने तो किती सावरला. शहर माझंच. वडील इथल्याच शाळेत लिपिक, त्यामुळे कारखान्यांत मला कुणी दारातून परत पाठवलं नाही.

तीन महिने फिरले. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. कर्ज घेतलेल्यांचे बहुतेक लूम चालू, न घेतलेल्यांचे बरेचसे बंद. 'योजना यशस्वी' असं शेवटचं प्रकरण मी लिहूनही टाकलं.

त्याच आठवड्यात कामगारांची खानावळ चालवणाऱ्या मावशींकडे दुपारी जेवायला बसले होते. माहेर त्यांचं शेजारच्याच दापोडे गावचं. मी मोठ्या तोऱ्यात निष्कर्ष ऐकवला. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"कर्ज कोनाला भेटलं, ते इचारलंस का?"

"अर्ज केला त्यांना."

"न्हाय गो बाय. ज्याचा ब्यांकेत आधीच वट हाय, कागद पुरे हाईत, त्याला भेटलं. त्याचं लूम कर्ज न्हाय भेटलं असतं तरी चाललंच असतं. मंग कर्जानं काय केलं, सांग?"

हा आक्षेप माझ्या पाठ्यपुस्तकात होता, परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. आणि स्वतःच्या गावात येऊन तोच विसरले होते. कान गरम झाले. पण ताट संपवून उठले तेव्हा पुढे काय करायचं ते ठरलं होतं.

मी पुन्हा बाहेर पडले. या वेळी ज्यांनी अर्ज केला पण किरकोळ कारणावरून तो फेटाळला गेला, असे मालक शोधले. कुणाचं वीज मीटर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, कुणाच्या आडनावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. कारखाना केवढा ते कळावं म्हणून संकटाआधीची त्यांची वीजबिलं मागितली आणि तेवढीच वीज वापरणाऱ्या, कर्ज मिळालेल्या मालकांशी त्यांची तुलना केली.

मोठ्या कारखान्यांत कर्ज मिळालेल्या आणि न मिळालेल्यांच्या चालू लूममध्ये फरक जवळजवळ दिसेना. लहानांत मात्र ठळक दिसला. म्हणजे कर्जाचा उपयोग होत होता, पण ज्यांना होत होता त्यांच्यापर्यंत ते फारसं पोचलं नव्हतं.

जुनं प्रकरण मी फाडून टाकलं. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "एवढ्या थोड्या कारखान्यांवरून एवढं ठाम कसं बोलता?"

"सर, सगळ्या शहराबद्दल मी बोलतच नाही," मी म्हटलं. "पण या कारखान्यांबद्दल विचारा. प्रत्येकाचं शटर उघडं की बंद, ते मी स्वतः पाहिलंय."

त्यांनी पान उलटलं आणि वीजबिलांचा तक्ता समजावून सांगायला सांगितलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.