माझं नाव जाफराबादी होतं

जाफराबादच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागली तेव्हा पप्पा आधी चढले आणि खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकून खाली आले. आई माझी बॅग धरून उभी होती. पप्पांच्या बँकेतले जोशी काका योगायोगानं तिथंच चहा पीत होते. पोरगी कुठं निघाली, असं त्यांनी विचारलं. पप्पा म्हणाले, मुंबईला, कंपनीत. कसली कंपनी ते त्यांनी सांगितलं नाही. आईनं मात्र काकांकडं तोंड वळवून सरळ सांगून टाकलं, "गाणे म्हणायला चालली. स्वतःचे."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "चढ जल्दी दिपे, न्हाईतर रुमालावर बसंल कोणीतरी."

एवढंच. रडणं वगैरे काही झालं नाही. गाडी निघाली, तेव्हा सोयाबीनची पोती भरलेला एक टेम्पो आडवा आला आणि ते दोघं मला परत दिसलेच नाहीत.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही जे जाफराबादलाच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे तिथून काहीतरी उचलून शहरात विकायला आलात. पुस्तकी मराठीत लिहिते आहे, याचं तुम्हाला नवल वाटेल. आपल्या बोलीत मी आता काही लिहिलं की ते माझं राहत नाही. का, ते पुढं येईलच.

मी रॅपर झाले ती औरंगाबादला, कॉलेजात असताना. तेव्हा ते संभाजीनगर झालेलं नव्हतं, किंवा झालेलं असेल पण आमच्या तोंडात बसलं नव्हतं. एका बागेत रविवारी पोरं गोल करून उभी राहायची. एकजण तोंडानं ठेका धरायचा, बाकीचे एकेक करून आत यायचे आणि यमकं जुळवत एकमेकांची इज्जत उतरवायचे. मी नुसतीच ऐकायला जायची. एका रविवारी कोणीतरी मला आत ढकललं. समोरच्या पोरानं विचारलं, गाव कोणतं. मी सांगितलं. सगळे हसले. तो म्हणाला, "अरे, ही तर जाफराबादी म्हैस!" आणि त्यावर त्यानं चार ओळी जुळवल्या, माझ्या रंगावरून, माझ्या अंगावरून. म्हशीची ती जात गुजरातेतली, आमच्या गावाशी तिचा काही संबंध नाही, हे त्याला कोण सांगणार? माझे कान तापले. आणि तोंडातून आपोआप निघालं:

म्हैस म्हन्लास? म्हन बराबर. रस्त्यात मी बसले,
वाजवून राह्य हॉर्न तुझा, मी बिलकुल न्हाई हालले.

सगळा गोल हसून फुटला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं नाही एवढंच. त्या दिवसापासून माझं नाव जाफराबादी. शिवी म्हणून फेकलेली गोष्ट मी उचलली, झटकली आणि अंगावर घातली. मला ते नाव माझ्या जन्मनावापेक्षा जास्त आवडायचं, कारण ते मी कमावलेलं होतं.

सुट्टीत घरी आले की रेकॉर्डिंग घरीच. पलंगावर बसायचं, डोक्यावरून दोन गोधड्या घ्यायच्या, म्हणजे आवाज घुमत नाही. इंटरनेटवरून उतरवलेला बीट कानात, माइक हातात. मी "सुरू" म्हटलं की आई मिक्सर बंद करायची, पप्पा टीव्हीचा आवाज बंद करायचे. शेजारच्या कुकरची शिट्टी मात्र कोणाच्या हातात नव्हती. माझ्या पहिल्या गाण्यात ती आहे अजून, दुसऱ्या कडव्यानंतर. ऐकणाऱ्यांना वाटलं मी मुद्दाम घातली. घामानं चिंब होऊन मी गोधडीतून बाहेर आले की आई विचारायची, कोणाला शिव्या देऊन राह्यली होतीस एवढ्या? मी ऐकवायची. तिला वेग झेपायचा नाही, पण मधेच एखाद्या शब्दावर ती थांबवायची. "हे मी म्हन्ते ना?" म्हणायची, आणि लाजायची. तिच्या बोलण्यातले तुकडे माझ्या गाण्यात यायचे. "दुसऱ्याच्या भाकरीवर आपलं मीठ न्हाई टाकायचं" ही तिचीच ओळ. तेव्हा ती ओळ घरातून घरातच जात होती.

ती गाणी फिरली. मुंबईहून गाण्यांच्या एका कंपनीचा फोन आला. करण सर नावाचे मॅनेजर होते, बोलायला फार गोड. ते म्हणाले, तुझ्यासारखा आवाज अख्ख्या इंडस्ट्रीत नाही. मी कागदांवर सही केली. पप्पांनी आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवू म्हटलं होतं, पण कागद इंग्रजीत होते, कंपनीला घाई होती, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात कोणालाच असं वाटलं नाही की नावसुद्धा कोणी घेऊ शकतं. जमीन घेतात, प्लॉट घेतात. नाव कसं घेतील?

अंधेरीत एका खोलीत आम्ही तिघी मुली राहायचो. मी काचेच्या स्टुडिओत पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा इतकी शांतता होती की मला माझ्या गिळण्याचा आवाज ऐकू आला आणि भीती वाटली. दोन गाणी आली. बरी चालली. तिसऱ्याच्या वेळी करण सरांनी कल्पना सांगितली: मी शेणात पडते, उठते, पुन्हा पडते, आणि मागं पोरी नाचतात. ते म्हणाले, लोकांना तुझी बोली ऐकून हसू येतं, तीच तुझी ताकद आहे. मी म्हटलं, सर, मी हसवायला बोलत नाही, आम्ही असंच बोलतो. ते म्हणाले, तेच तर.

मी नाही म्हटलं. ते चिडले नाहीत. माझी गाणी येणं बंद झालं. फोन उचलणं बंद झालं. मी सांगितलं की मला जाऊ द्या, माझं मी करते. तेव्हा कळलं की मी कधीही जाऊ शकते, पण जाफराबादी राहील. नाव, त्या नावाची इंटरनेटवरची पानं, त्यावर जमलेली माणसं, सगळं कंपनीचं. पप्पांनी कागद गावातल्या वकिलांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून शेवटचं पान पाहिलं आणि मला फोनवर विचारलं, सही तुझीच हाये ना? मी हो म्हटलं. "मंग झालं," ते म्हणाले.

काही महिन्यांनी नवीन जाफराबादी आली. मोठा गॉगल, शिंगांसारखे बांधलेले केस, बारीक कंबर. शेणातलं गाणं तिनं केलं. ते एवढं चाललं की रिक्षात लागायचं, लग्नात लागायचं. आमच्या नातेवाइकांना फरक कळला नाही. मामांनी पप्पांना फोन करून अभिनंदन केलं. पोरीनं वजन कमी केलं वाटतं, म्हणाले. पप्पांनी दर वेळी खुलासा करायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी समोरच्याला ते पटेना. शेवटी ते नुसतं "हो, हो" म्हणायला लागले. बँकेत पेढे मागितले तेव्हा त्यांनी पेढे आणले. मला हे आईनं सांगितलं. ती म्हणाली, "काय करतील मंग? किती जणांला समजावून सांगतील?"

मी परत का गेले नाही, असं तुम्ही विचाराल. परत जाऊन काय सांगणार होते? गावात जाफराबादी मुंबईत गाजत होती. मी गेले असते तर ती हरली असती.

आणि मग करण सरांचा फोन आला. नव्या मुलीचं नाव रिया. ती मुंबईची, नाचायला अव्वल, पण तिला बोली येत नव्हती. पहिल्या गाण्यात धकून गेलं, पण मराठवाड्यातल्या लोकांनी व्हिडिओखाली लिहायला सुरुवात केली होती की ही बाई खोटी बोलते. त्यांना लिहिणारी आणि शिकवणारी पाहिजे होती. माझ्याकडं खोलीचं भाडं नव्हतं आणि दुसरं नावही नव्हतं. मी गेले.

रियाचा मी राग करू शकले असते तर बरं झालं असतं. ती चांगली मुलगी आहे. मला ताई म्हणते. घरून येताना माझ्यासाठी डबा आणते. तिला हे सगळं आधी माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हा ती माझ्यासमोर बसून रडली. पण काम तिनंही सोडलं नाही, मीही नाही. माइकपुढं ती उभी असायची आणि मी काचेच्या अलीकडं. ती म्हणायची, "करून राहिले." मी म्हणायची, "राह्यले." ती म्हणायची, "न्हाई," आणि त्यात एवढा जोर लावायची की मला माझीच लाज वाटायची. मी सांगायची, जोर लावू नकोस, आमच्याकडं कोणी एवढं ठासून बोलत नाही, तो शब्द नाकातून नुसता निसटतो. मग ती पुन्हा म्हणायची. हळूहळू तिला जमायला लागलं. ज्या दिवशी तिनं "गेल्ती" अगदी बराबर म्हटलं, त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं.

त्याच सुमारास एका दुपारी आम्ही दोघी जेवत होतो आणि आईचा फोन आला. माझा फोन बिघडलेला, स्पीकरवर टाकल्याशिवाय आवाज यायचा नाही. आईनं विचारलं, काय करून राह्यलीस, आवाज असा का? मी काही नाही म्हटलं आणि रडायला लागले. आमच्या घरात माझ्याआधी एक मुलगा झाला होता, तो गेला, एवढंच मला माहीत होतं. आई त्याबद्दल कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. मोठं घर होतं, म्हणाली, सासू-सासरे, दीर, जावा. तिथं सुनेनं रडलेलं चालायचं नाही.

"रडायचं असंल तर चुलीपुढं रडावं दिपे," ती म्हणाली. "म्हंजी धुराचं नाव होतं."

रियाचा घास हातात तसाच राहिला होता.

तिनं ते वाईट हेतूनं केलं नाही. तिला ती ओळ विसरता आली नाही, आणि तिनं करण सरांना सांगितली. ते माझ्याकडं आले, म्हणाले, याचं हुक बनव, गाण्यात परत परत येणारी ओळ. मी सांगितलं, ते माझ्या आईचं आहे, ते मिळणार नाही. ते शांतपणे म्हणाले, हरकत नाही, रियाला जेवढं आठवतं तेवढं ती लिहील. रियानं लिहून दाखवलं. "चुलीसमोर रडावे, धुराचे नाव व्हावे." शाळेतल्या सुविचारासारखं. मी तो कागद बघत राहिले. जाणारच होतं, तर निदान नीट तरी जावं, असं वाटलं असेल मला. मी ते बराबर करून दिलं. चाल त्यांनी नाचाची लावली.

ते गाणं आईनं ऐकलं ते माझ्या मावसबहिणीच्या हळदीला, भोकरदनला. मावशीनं नंतर मला फोन केला. तिला काही माहीत नव्हतं, ती कौतुकानंच सांगत होती. डीजेनं गाणं लावलं, म्हणाली, आणि समद्या बाया उठल्या. धुराचं नाव आलं की सगळ्या डोळ्यांवर पदर धरायच्या आणि कंबर हलवायच्या. आई आतून हळदीचं ताट घेऊन आली होती. दारातच थांबली. कोणीतरी ताट तिच्या हातातून घेतलं आणि तिला मधे ओढलं.

"तुझी आई नाचली न्हाई गं," मावशी म्हणाली. "पण टाळ्या वाजवल्या तिनं. समद्यांबरोबर."

मी दोन दिवस घरी फोन केला नाही. मग केला. माफी मागायची असं ठरवून केला होता. आईनं उचलला आणि म्हणाली, "दीपाली, तू जेवलीस का?"

मला वाटलं, शेजारी कोणी बसलं असेल. मी विचारलं, कोण आलंय का. ती म्हणाली, "नाही, कोणीही आलेले नाही. इकडे सगळे व्यवस्थित आहे. तुझे पप्पा बाहेर गेले आहेत." एकेक शब्द ती जपून ठेवत होती, पाहुण्यांपुढं कपबशी ठेवतात तसा. मी म्हटलं, आई, अशी का बोलून राह्यलीस?

"अशीच तर बोलते मी," ती म्हणाली.

ती रागावलेली नाही. रागावली असती तर मला दोन शिव्या मिळाल्या असत्या, आणि त्या आमच्या भाषेत असत्या. पप्पा सांगतात की घरात, शेजारी, बाजारात ती पहिल्यासारखीच बोलते. फक्त माझा फोन आला की पदर सावरून बसते. मी दिवाळीला गेले होते. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं तेव्हा आत ती कोणाशी तरी मोठ्यानं हसून बोलत होती, आणि मला पाहून तिचं बोलणं बदललं. "ये, बस," म्हणाली. "प्रवास कसा झाला?"

घर म्हणजे काय, हे मी पूर्वी गाण्यांतून सांगायची तेव्हा त्यात रस्ते असायचे, कपाशी असायची, स्टँड असायचा. ते सगळं आहे अजून जागेवर. जाफराबाद कुठं गेलेलं नाही. पण जिथं माझ्यापुढं कोणी शब्द निवडून बोलत नाही अशी एक जागा होती, आणि आता मी जिथं जाईन तिथून ती उठून जाते. करण सर नवीन ओळी मागतात. माझ्याकडं जुन्या होत्या त्या संपत आल्यात. नवीन ऐकू येत नाहीत.

मी रविवारी फोन करते. आई हवामान सांगते, तब्येत सांगते, पप्पांची बदली होणार नाही हे सांगते. क्रियापदं पूर्ण करते. वाक्यांच्या मधे मला तिचा श्वास ऐकू येतो, त्यात काही बदललेलं नाही. शेवटी ती म्हणते, "ठीक आहे, काळजी घे."

जाफराबादला असं कोणी कोणाला म्हणत नाही.